संविधानाची नीती : अथेन्स आणि रोम

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिल्लीच्या संविधान सभेपुढे भारतीय संविधानाचा मसुदा विचारार्थ मांडला. मसुद्यावर तोपर्यंत पुष्कळ टीका झाली होती. एक आक्षेप असा होता, की संविधानात राज्याची मूलतत्त्वे सांगावीत. कारभाराचे इतके बारीकसारीक तपशील त्यात कशासाठी? या आक्षेपाला उत्तर देताना बाबासाहेबांनी आधार घेतला तो प्राचीन ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोट या इंग्रज विद्वानाचा.

हा ग्रोट लंडनचा एक सावकार. पेढी सांभाळता सांभाळता त्याने ग्रीक भाषेचा व्यासंग केला, काही वर्षे पार्लमेंटात काढली आणि मतदान गुप्त असावे म्हणून तेथे वारंवार ठराव आणले. ते ठराव प्रत्येक वेळी फेटाळले गेले. पुढे १८४६ ते १८५६ या दहा वर्षांत त्याचा ग्रीसचा इतिहास बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्या काळी युरोपातील बहुतेक सुशिक्षितांच्या मनात अथेन्सची लोकशाही म्हणजे झुंडशाही अशी समजूत दृढ होती. अमेरिकेचे संविधान रचणारेही रोमकडे आदराने पाहत आणि अथेन्सकडे धास्तीने. ग्रोटने हा समज उलटून टाकला. अथेन्सच्या लोकांनी जगाला जी नवी गोष्ट दाखविली, तिला त्याने नाव दिले : संविधानाची नीती.

या शब्दांचा अर्थ काय? ग्रोटच्या मते तिची अंगे दोन. संविधानाने घालून दिलेल्या रीतींविषयी आदर आणि त्या रीतींनी चालणाऱ्या अधिकाऱ्याच्या आज्ञेचे पालन, हे एक अंग. त्याच अधिकाऱ्यावर उघडपणे आणि निर्भयपणे टीका करण्याची मोकळीक, हे दुसरे. आणि या दोहोंच्या मुळाशी प्रत्येक नागरिकाच्या मनात एक विश्वास हवा : पक्षापक्षांतील भांडण कितीही कडवट होवो, या रीती मला जितक्या पवित्र वाटतात तितक्याच माझ्या प्रतिपक्षालाही वाटतील. बाबासाहेबांनी हा विचार सभेपुढे ठेवला आणि पुढे बजावले, की ही वृत्ती माणसात उपजत नसते. ती जोपासावी लागते.

ज्या संस्थांना आपण पाश्चात्त्य लोकशाहीचा पाया म्हणतो, त्या अथेन्स आणि रोम यांच्या संस्थांकडे आज या दृष्टीने पाहू. त्या कशा उभ्या राहिल्या हे पाहण्यासारखे आहेच. त्या कशाने ढासळल्या हे अधिक पाहण्यासारखे आहे.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्सची स्थिती शोचनीय होती. जमीन मोजक्या घराण्यांच्या हाती होती. कर्ज फेडता आले नाही तर शेतकरी स्वतः गुलाम होई. ५९४ मध्ये सोलोनने ही कर्जे रद्द केली आणि माणसाचा देह तारण ठेवून कर्ज देण्यास कायमची बंदी घातली. पुढे एका हुकूमशाही घराण्याची सत्ता आली, ती ५१० मध्ये गेली आणि सरदार घराण्यांत पुन्हा झुंज जुंपली. त्या झुंजीतून ५०८ च्या सुमारास क्लायस्थेनीस पुढे आला. तो स्वतः बड्या घराण्यातला. पण त्याने केलेली व्यवस्था घराण्यांचेच बळ मोडणारी होती.

त्याने अथेन्सच्या प्रदेशातील गावे आणि वस्त्या हा नागरिकत्वाचा पाया केला. माणसाची ओळख कुळावरून न होता गावावरून व्हावी, असा त्यामागचा हेतू. मग या गावांचे दहा गट पाडले, आणि तेही अशा युक्तीने, की प्रत्येक गटात काही गावे शहराकडची, काही किनाऱ्यावरची आणि काही आतल्या मुलखातली यावीत. कोळी, कुंभार आणि शेतकरी एकाच गटात बसले, एकाच पलटणीत लढले. प्रत्येक गटातून ५० याप्रमाणे ५०० जणांचे मंडळ बने आणि लोकसभेपुढे कोणते विषय जावयाचे ते हे मंडळ ठरवी. त्याचे सभासद चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि कोणालाही आयुष्यात दोनदांपेक्षा अधिक वेळा त्यात बसता येत नसे. मंडळाचा अध्यक्षही रोज चिठ्ठीने ठरे. राज्याची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या एक दिवस आणि एक रात्र त्याच्या हाती असत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा साधा नागरिक.

चिठ्ठ्या टाकून राज्य चालवावयाचे ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते. अथेनियनांचा विचार वेगळा होता. त्यांच्या मते निवडणुकीत श्रीमंत, नामवंत आणि वाक्पटू माणसेच पुढे येतात. चिठ्ठी मात्र घराणे ओळखत नाही. जेथे खास कौशल्य लागे, तेथे त्यांनी निवडणूकच ठेवली. दहा सेनापती दरवर्षी मतांनी निवडले जात आणि पेरिक्लीससारखा पुरुष वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा निवडून येई.

परंतु त्यांच्या व्यवस्थेचे मर्म माझ्या मते चिठ्ठीत नाही आणि मतातही नाही. ते आहे जाब विचारण्याच्या रीतीत. अधिकार हाती घेण्यापूर्वी प्रत्येक माणसाची पात्रता तपासली जाई. अधिकार सोडताना त्याला पैशाचा हिशेब द्यावा लागे, आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागे, आणि त्या वेळी कोणीही सामान्य नागरिक त्याच्यावर आरोप ठेवू शके. या रीतीतून कोणी सुटत नसे. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये, सत्तेच्या शिखरावर असताना, खुद्द पेरिक्लीसला लोकांनी सेनापतिपदावरून दूर करून दंड केला आणि थोड्याच काळाने पुन्हा निवडूनही दिले.

याच काळातील आणखी एक विलक्षण रीत म्हणजे खापरांवरचे मतदान. एखादा पुढारी डोईजड होऊ लागला, तर लोक फुटक्या खापरावर त्याचे नाव कोरून टाकीत. किमान ६००० खापरे जमली, तर ज्याच्या नावाची खापरे सर्वांत अधिक त्याला दहा वर्षे राज्याबाहेर जावे लागे. त्याची मालमत्ता जप्त होत नसे, दहा वर्षांनी तो सन्मानाने परत येई. ग्रोटने या रीतीचे समर्थन केले आहे. संविधानाची नीती लोकांत अजून रुजलेली नसताना, रक्तपात न करता महत्त्वाकांक्षी माणसाला आवरण्याचा हा उपाय होता, असे त्याचे म्हणणे. पण प्रत्येक उपायाला पळवाट असतेच. अक्रोपोलिस टेकडीच्या उताराजवळ एका जुन्या विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची सुमारे १९० खापरे सापडली. अक्षर तपासून पाहता ती सगळी चौदा-एक माणसांनीच लिहिलेली निघाली. मतदारांच्या हाती आयती लिहिलेली खापरे देण्याचा उद्योग त्या काळीही चालत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

येथे या चित्राची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. अथेन्समध्ये ‘लोक’ म्हणजे प्रौढ पुरुष नागरिक. चौथ्या शतकात ते सुमारे तीस हजार असावेत. स्त्रियांना मत नव्हते. बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना नव्हते. पेरिक्लीसनेच ४५१ मध्ये कायदा करून आई आणि बाप दोघेही अथेनियन असलेल्यांपुरते नागरिकत्व राखून ठेवले. लॉरिअनच्या खाणींत चांदी खणणारे हजारो गुलाम होते, आणि त्या चांदीवर अथेन्सचे आरमार उभे राहिले. मित्रराज्यांकडून मिळणाऱ्या खंडणीचाही नगरीच्या वैभवात वाटा होता. स्वातंत्र्याचा हा दिवा परक्याच्या तेलावर जळत होता, हे त्याच्या प्रकाशाचे कौतुक करताना विसरून चालणार नाही.

सभेत बसणाऱ्या त्या ‘लोकां’चे वर्तन तरी कसे होते? इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये मित्रराज्यांपैकी मिटिलीनी या नगरीने बंड केले आणि ते मोडले गेले. संतापाच्या भरात अथेन्सच्या सभेने ठराव केला, की तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि स्त्रिया व मुले यांना गुलाम म्हणून विकावे. हुकूम घेऊन जहाज निघाले. रात्र गेली, आणि सकाळी लोकांचे मन त्यांना खाऊ लागले. सभा पुन्हा भरली, पुन्हा वाद झाला आणि थोड्याशा मताधिक्याने पहिला ठराव फिरला. दुसरे जहाज सोडण्यात आले. वल्हेकऱ्यांनी वल्ही न थांबविता, हातातले वल्हे न सोडता पीठ आणि मद्य खाऊनपिऊन, पाळीपाळीने झोप घेत वाट कापली. पहिल्या जहाजाचा अधिकारी हुकूम वाचत असतानाच ते पोहोचले. बंडाचे सूत्रधार म्हणून पकडलेल्यांना देहदंड झालाच. पण नगरी वाचली. ही हकीकत लिहिणारा थ्युसिडिडीस पुढे सांगतो, की अकरा वर्षांनी मेलॉस बेटाच्या वाट्याला असे दुसरे जहाज आले नाही. तेथील पुरुष मारले गेले, बायकामुले विकली गेली.

याहून बोधप्रद प्रसंग ४०६ मधला. आर्गिन्यूसीच्या आरमारी लढाईत अथेन्सचा जय झाला, पण वादळामुळे बुडणाऱ्या सैनिकांना वाचविता आले नाही. सेनापतींवर लोक खवळले. कायदा असा, की प्रत्येक आरोपीचा निवाडा वेगळा व्हावा. सभेत मागणी आली, की सर्वांचा निकाल एकाच मतदानाने लावावा. हे बेकायदा आहे असे कोणी म्हणताच आरडाओरड झाली, की लोकांना हवे ते करू दिले जात नाही हेच भयंकर! त्या वेळी सभेचे कामकाज चालविणाऱ्या पन्नासांत सॉक्रेटीस होता. ठराव मताला टाकण्यास त्याने नकार दिला. त्याचे कोणी ऐकले नाही. सहा विजयी सेनापतींना देहदंड झाला आणि काही काळाने अथेनियनांना त्याचा पश्चात्ताप झाला.

दोनच वर्षांनी स्पार्टाने अथेन्सचा पराभव केला आणि तीस जणांची जुलमी राजवट आली. तिने काही महिन्यांत पंधराशेंच्या आसपास माणसे मारली असे सांगतात. ४०३ मध्ये लोकशाही परत आली, तेव्हा ती शहाणी होऊन आली होती. जुने वैर काढावयाचे नाही अशी सर्वांनी शपथ घेतली. सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ नाही, असा नियम झाला. एकट्यादुकट्या व्यक्तीला लक्ष्य करणारा कायदा करावयाचा नाही, असेही ठरले. बहुमतालाही मर्यादा हवी हे अथेन्सने पुस्तकात वाचले नव्हते. त्यासाठी त्याला सहा सेनापती आणि एक साम्राज्य गमवावे लागले. तरीही ३९९ मध्ये त्याच नगरीच्या न्यायसभेने सॉक्रेटीसला विषाचा पेला दिला, हे इतिहासाला नोंदवावेच लागते. त्यानंतरही ही लोकशाही टिकली. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या फौजेपुढे ती संपली तेव्हा क्लायस्थेनीसला सुमारे १८५ वर्षे लोटली होती.

आता रोमकडे वळू. रोमने स्वतःला कधी लोकशाही म्हटले नाही. त्याचा शब्द होता ‘रेस पब्लिका’, म्हणजे सर्वांची गोष्ट, सार्वजनिक कारभार. इंग्रजीतील ‘रिपब्लिक’ तेथूनच आला. परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ५०९ मध्ये रोमनांनी राजाला हाकलले आणि त्याच्या जागी एकाऐवजी दोन कॉन्सल नेमले, तेही एका वर्षापुरते. एकाने दिलेली आज्ञा दुसरा रोखू शके. संकटकाळी डिक्टेटर नेमीत. त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. शेतावरून बोलावून आणलेला सिन्सिनेटस शत्रूचा पराभव करून सोळाव्या दिवशी पद सोडून परत नांगराकडे गेला, ही गोष्ट रोमन मुलांना शिकविली जाई ती यासाठीच.

तथापि रोमचा खरा शोध सरदारांनी लावलेला नाही. तो सामान्यांनी लावला. कर्जाने आणि शिपाईगिरीने गांजलेले सामान्य जन, ज्यांना प्लेबियन म्हणत, ते ४९४ मध्ये शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी शस्त्र उचलले नाही. त्यांच्यावाचून शहर चालत नाही एवढेच त्यांनी दाखवून दिले. असहकाराचे सामर्थ्य जाणणाऱ्या भारतीय श्रोत्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. तडजोड झाली आणि ट्रिब्यून हे पद निर्माण झाले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हे पाप. त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे, म्हणजे गांजलेल्याला केव्हाही आसरा. आणि कोणत्याही अधिकाऱ्याला तो एका शब्दाने रोखू शके : ‘व्हीटो’, मी मनाई करतो.

यानंतर लोकांनी मागितला लेखी कायदा. तोवर कायदा सरदारांच्या स्मरणात होता, आणि त्यांना सोयीचे असेल तेवढेच त्यांना आठवे. ४५१–४५० मध्ये बारा पाट्यांवर कायदा लिहून तो चौकात लावण्यात आला. त्यातील कलमे कठोर होती, काही क्रूरही होती. पण ती सर्वांना दिसत होती. पुढे हजार वर्षांनी सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याची जी संहिता करविली, तिचा उगम या पाट्यांत आहे. युरोपातील अनेक देशांचे कायदे आजही त्या प्रवाहातले आहेत. नागरिकत्वाच्या बाबतीतही रोमन अथेनियनांहून उदार होते. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम रोममध्ये नागरिक होई.

अर्थात येथेही समता नव्हती. प्रमुख मतदानसभेत नागरिकांचे १९३ गट पाडलेले असत आणि प्रत्येक गटाला एक मत. जुन्या रचनेत त्यांपैकी ९८ गट घोडेस्वार आणि सर्वांत श्रीमंत वर्ग यांचे होते. त्यांचे एकमत झाले की निकाल लागलाच. गरिबांची पाळी येण्यापूर्वीच मतदान थांबे. तरीही हे यंत्र कित्येक शतके चालले. कारण हाती असलेला अधिकार शेवटच्या टोकापर्यंत कोणी ताणीत नसे.

ते ताणणे सुरू झाले १३३ मध्ये. टायबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनने सार्वजनिक जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा आणला. मागणी न्याय्य होती. जमीनदारांनी दुसऱ्या एका ट्रिब्यूनला हाताशी धरून व्हीटो वापरविला. जे शस्त्र गरिबांच्या रक्षणासाठी होते ते त्यांच्याच विरुद्ध चालविले गेले. टायबेरियसने मग आपल्या त्या सहकाऱ्याला मते घेऊन पदावरून काढले, असे पूर्वी कधी झाले नव्हते. शेवटी काही सीनेटरांनी बाकांचे पाय मोडून हाती घेतले आणि टायबेरियसला त्याच्या शेकडो अनुयायांसह ठेचून मारले. ज्याच्या अंगाला हात लावणे पाप, त्याचे प्रेत टायबर नदीत टाकण्यात आले. दोन्ही बाजूंना वाटत होते की आपण प्रजासत्ताक वाचवीत आहोत. ग्रोटने सांगितलेला तो विश्वास, की प्रतिपक्षही या रीती पाळील, त्या दिवशी मेला.

यानंतरचा इतिहास एकाच उतारावरचा आहे. ८८ मध्ये सुल्ला रोमचेच सैन्य घेऊन रोमवर चालून आला आणि ८२ मध्ये मुदतीवाचून डिक्टेटर झाला. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन ओलांडली. ४४ च्या आरंभी तो तहहयात डिक्टेटर झाला आणि १५ मार्चला मारला गेला. त्याच्या मारेकऱ्यांना वाटले, माणूस गेला की प्रजासत्ताक परत येईल. ते आले नाही, कारण ते त्या माणसाच्या आधीच गेले होते.

इसवी सनापूर्वी २७ मध्ये ऑगस्टसने जाहीर केले की आपण प्रजासत्ताक लोकांच्या हाती परत देत आहोत. एकही संस्था मोडली गेली नाही. सीनेट भरत राहिली, कॉन्सल निवडले जात राहिले. ऑगस्टसने राजा ही पदवी घेतली नाही. त्याने घेतला ट्रिब्यूनचा अधिकार, गांजलेल्यांसाठी दार उघडे ठेवणाऱ्या त्या ट्रिब्यूनचा, आणि तो जन्मभर स्वतःकडे ठेवला. पुढचे सम्राट आपल्या कारकिर्दीची वर्षे त्याच अधिकाराच्या वर्षांनी मोजू लागले. नावे सगळी होती तशीच राहिली. जाब विचारणारे कोणी राहिले नाही.

आता बाबासाहेबांचे ते उत्तर पुन्हा आठवावे. कारभाराचे तपशील संविधानात का घातले? त्यांचे म्हणणे असे, की संविधानाचे बाह्यरूप न बदलता केवळ कारभाराची पद्धत बदलून संविधान आतून पोखरता येते. जेथे संविधानाची नीती रुजली आहे तेथे तपशील सोडून देता येतील. जेथे ती अजून रुजावयाची आहे तेथे नाही. त्यानंतर वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, त्यांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. आणि भारतालाही गणराज्यांची व भिक्षुसंघाच्या सभानियमांची परंपरा होती, ठराव, गणसंख्या, मतदान हे सारे येथे होते, याचीही आठवण करून दिली. ती परंपरा आपण एकदा गमावली, पुन्हा गमावणार काय, ही त्यांची चिंता होती.

एका गोष्टीत मात्र आपण अथेन्स आणि रोम या दोघांच्याही पुढे गेलो. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद झाली. त्यांत स्त्रिया होत्या, भूमिहीन होते, निरक्षर होते, शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवलेले होते. खुद्द ग्रीसमध्ये स्त्रियांना संसदेसाठी मत देण्याचा हक्क मिळाला तो १९५२ साली. प्राचीनांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना भारतीय प्रजासत्ताकाने पहिल्याच दिवशी आत घेतले.

राहिली ती नीती. ती मतपेटीबरोबर आपोआप येत नाही. निवडणूक जिंकलेल्याने आपल्या अधिकाराचा हिशेब द्यावयाचा असतो आणि हरलेल्याने नियम न मोडता तो मागावयाचा असतो. दोघांनीही एकमेकांच्या हेतूंविषयी शंका बाळगावी, पण खेळाच्या नियमांविषयी बाळगू नये. अथेन्सचा सामान्य कुंभार वर्षभर मंडळावर बसून, अखेरीस आपल्या कामाचा जाब देऊन पुन्हा आपल्या चाकाकडे जात असे. त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. पण लोकशाहीचा जो वारसा आपण पेरिक्लीस आणि सिसेरो यांच्या नावावर लिहितो, तो खरे पाहता त्याचा आहे, आणि तो चालविणेही आपणा सामान्यांकडेच आहे.